चांगल्या कातडीवरचे दोन फोड

८ जून, रविवार. वाडीवर

सकाळी आई भाकरी थापत होती आणि मी समोर बसून तिचे हात बघत होते. बोटांची टोकं पांढरी होऊन तीन वर्षं झाली, त्याची आता सवय झालीय. पण उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला नवा डाग. कडा धूसर, खडूची पूड सांडून वर फुंकर मारल्यासारख्या. अशी धूसर कड म्हणजे काय ते मला कळतं. कोड चालू आहे, थांबलेलं नाही.

"काय बघती?"

"काही नाही."

"म्यापन बघितलाय. पाडव्याला नव्हता."

शाळा सोळाला उघडतेय. वाडीच्या शाळेत अकरा वर्षं खिचडी आईच शिजवते. म्हणाली, "औंदा हातमोजं घालून करू का?" अप्पा दारात चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि गोठ्याकडे गेले.

मी म्हटलं, कशाला, कोड कुणाला लागत नाही.

"मला ठावं हाय. त्यास्नी ठावं हाय का?"

दुपारी वरव्याच्या फाट्यावरून पुण्याची गाडी. उभ्याने.

११ जून, बुधवार. लॅब

दोन तास उंदराच्या कानाची कातडी मायक्रोस्कोपखाली. टी-पेशी, म्हणजे रक्तातल्या राखणदार पेशी, हिरव्या दिसतात. आधी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून घरंगळतात, मग आरपार निघतात आणि कातडीत चालायला लागतात. खरंच चालतात. पुढे एक टोक काढायचं, मागचं ओढून घ्यायचं. चार वर्षं बघतेय, तरी दर वेळी पाच मिनिटं काम सोडून नुसती बघत बसते.

त्यांना बोलावते कातडीच. वरच्या थरातल्या साध्या पेशी बारीक प्रथिनं सोडतात. दोन मुख्य, आम्ही लॅबमध्ये त्यांना नुसतं नऊ आणि दहा म्हणतो. नऊ वाढलं की टी-पेशी झुंडीनं येतात. दहामुळे त्या नेमक्या रंगपेशींपर्यंत पोचतात. मग रंगपेशी मरतात. बाहेरून आपल्याला दिसतो तो फक्त पांढरा डाग.

सरांनी आज सांगितलं, पुढच्या आठवड्यापासून माणसांचे नमुने. दवाखान्यातल्या त्वचारोगाच्या मॅडम ओपीडीतले पेशंट देणार. हातावर बारीक फोड उठवून त्यातलं पाणी काढायचं आणि नऊ-दहा मोजायचं. कोड पसरत असलेले पेशंट हवेत.

सर हे बोलत होते आणि मला आईचं मनगट दिसत होतं.

१४ जून, शनिवार. वाडीवर

आईला विचारलं. वाटलं होतं घाबरेल. तिने फक्त एवढंच विचारलं, "तुझ्या कामाला उपेग हुईल ना?"

मी म्हटलं, तुझाही होईल, मॅडम चांगल्या आहेत, नीट तपासतील.

"माझं ऱ्हाऊ दे. तुझ्या व्हतोय का?"

हो म्हटलं. आता लिहिताना वाटतंय, तिथे थोडं थांबायला हवं होतं.

१९ जून, गुरुवार

आई शाळेत रजा टाकून आली. खिचडीला रंजना उभी राहिली. रंजना आमच्या शेजारची, आईच्या हाताखाली भाजी चिरते, तांदूळ निवडते. चांगली आहे.

मॅडमनी संमतीचा कागद मला वाचून दाखवायला दिला नाही. म्हणाल्या, तू मुलगी आहेस, दुसरं कुणीतरी वाचेल. नर्सने वाचला. त्यात एक वाक्य होतं, फोडाच्या जागी क्वचित पांढरा डाग राहू शकतो. आईने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. म्हणजे होईलच असं नाही, अशी. तिने सही केली, दर अक्षरावर थांबून.

चार कप. दोन डागाच्या कडेला, दोन डाव्या हाताच्या चांगल्या कातडीवर, तुलनेसाठी. कप हवा ओढतात, कातडी गरम होते, तासाभराने हरभऱ्याच्या डाळीएवढे फोड उठतात. आई अख्खा वेळ त्याकडे बघत होती. "मिरची भाजल्यावर उठतात तसंच की," म्हणाली.

नमुन्यांवर नावं नाहीत, आकडे. सर म्हणाले, "तुझ्या आईचा कुठला ते तुला कळणार नाही. कळूही नये."

पावसामुळे आज ओपीडीत बाकी कुणीच आलं नाही.

२७ जून, शुक्रवार

नमुने मशिनवर लावले. यादीत नाव नव्हतं, वय नव्हतं. नमुना घेतल्याची तारीख होती. १९ तारखेचा एकच पेशंट.

मी तेव्हाच उठायला हवं होतं. उठले नाही.

डागाच्या कडेला नऊ खूप वर. ते अपेक्षितच. पण चांगल्या कातडीतही तेवढंच. दोन्ही फोडांत. तिथे डाग नाही, खाज नाही, काही नाही. डोळ्याला धडधाकट दिसणाऱ्या कातडीने हाका मारायला सुरुवात केलीय.

पुन्हा मोजलं. तेच.

गच्चीत जाऊन बसले. खाली कँटीनवाला कांदे चिरत होता, ते बघत.

२९ जून, रविवार. वाडीवर

दिवसभर आईबरोबर. आवणातल्या भाताच्या रोपांना खत टाकलं. ती पुढे वाकलेली, मी मागे. मान, कानामागची कातडी, दंड. सगळं नेहमीसारखं सावळं. मी नीट बघत होते, आणि त्या सगळ्यात मला हेच दिसत होतं की हे जाणार.

सांगितलं नाही. काय सांगणार होते.

जेवताना म्हणाली, "गप का गं?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. तिने कपाळाला तेल चोळून दिलं. त्याच हातांनी.

३० जून, सोमवार

सरांना सांगितलं की नमुना ओळखला. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे मोजमाप अजून तपासणी म्हणून सिद्ध झालेलं नाही. एका माणसाचा एक आकडा. त्यावरून तिला काय सांगशील?"

"पसरणार म्हणून."

"आणि नाही पसरलं तर?"

सर चष्मा पुसायला लागले.

"आणि पसरणार असं कळलं, तर मॅडम वेगळं काय देणार आहेत?"

हेच खरं. मॅडमनी १९ तारखेलाच मलम दिलंय आणि उजेडाचे उपचार सांगितलेत. आकडा कळला तरी तेच दिलं असतं.

माणसांच्या नमुन्यांवरून मला काढलं. बरोबरच केलं. आता फक्त उंदीर.

११ जुलै, शुक्रवार

आई दर मंगळवारी-शुक्रवारी पुण्याला येते. सकाळच्या गाडीने निघते, दवाखान्यात पेटीत उभी राहते, दुपारी परत. पेटी म्हणजे माणूसभर उंचीची, आतून सगळ्या नळ्या. डोळ्यांना काळा चष्मा. पहिल्या दिवशी दोन मिनिटंसुद्धा नाही. त्यासाठी अख्खा दिवस.

"भाताच्या भट्टीत उभं केल्यावानी वाटतं," म्हणाली. हसली पण.

फोडांच्या खपल्या पडल्यात. चारही ठिकाणी गोल डाग. कडेचे दोन पांढरे, ते होणारच होते. डाव्या हातावरचे दोन गुलाबी. मी रोज स्वतःला सांगते, नवी कातडी आधी गुलाबीच असते.

मंगळ-शुक्र खिचडी रंजना करते.

१५ जुलै, मंगळवार

आज पेटीनंतर आईला गाडीत बसवायला स्वारगेटला गेले. गाडी लागायला वेळ होता. तिने सहज सांगितल्यासारखं सांगितलं की ती शिजवते त्या दिवशी काही पोरं घरून डबा आणतात. रंजनाच्या दिवशी आणत नाहीत.

"किती पोरं?"

"मोजली न्हाईत."

मोजली असणार. आई भांड्यात उरलेल्या भातावरून सांगते किती जण जेवले नाहीत ते.

१९ जुलै, शनिवार. वाडीवर

शाळेत पालकांची बैठक. शाळेच्या बाईंनी मला फोन करून बोलावलं होतं. "तक्रार कुणाचीच नाही," त्या दोनदा म्हणाल्या. "पण तू येऊन समजावलंस तर बरं."

तयारी करून गेले. फळ्यावर कातडीचं चित्र काढलं. हे वरचे थर, ह्या रंगपेशी, ह्या रक्तातून येणाऱ्या पेशी. हे जंतूंमुळे होत नाही. कुणाच्या हातून, अन्नातून, भांड्यातून जात नाही. शरीराच्याच राखणदार पेशींना चुकीचा निरोप मिळतो आणि त्या आपल्याच माणसांवर उठतात. निरोप देते कातडीच. सगळं सोपं करून सांगितलं. आजवर लॅबमध्येही एवढं नीट सांगितलं नव्हतं.

सगळ्यांनी ऐकलं. कुणी हसलं नाही, उठलं नाही, मोबाईल काढला नाही. एकजण म्हणाला, आपल्या वाडीची पोरगी एवढी शिकली, अभिमान वाटतो. टाळ्या वाजवल्या.

मग दत्तूनाना बोलले. वाडीतले सगळ्यात थोरले, अप्पांचे चुलते. लहानपणी मला खांद्यावर घेऊन जत्रेला न्यायचे.

"पोरी, तू सांगितलं ते समदं पटलं. आमी अडाणी, तरी पटलं. पण बारकी पोरं ताट बघून उठत्यात, त्याला काय करायचं?"

"त्यांना तुम्ही सांगा ना, नाना."

"सांगू की. सांगू."

आणि लगेच, तोच धागा पकडून कुणीतरी म्हणालं, नाहीतरी मंगळ-शुक्र रंजनाच करते. वहिनींना औषधपाण्याची दगदग. रंजनानंच रोज केलं तर वहिनींना आराम. वहिनींनी तांदूळ निवडावेत, भांडी बघावीत, हजेरी लावावी.

आरामासाठी. कुणी वाईट शब्द काढलाच नाही. भांडायला काही धरताच येईना.

आई मागे दाराशी बसली होती. बाईंनी विचारलं, "तुम्हाला चालेल ना?" ती म्हणाली, "चालंल की."

घरी येताना रंजना रडत होती. आईच तिला समजावत होती, मोहरी कधी टाकायची, डाळ किती भिजवायची.

२२ जुलै, मंगळवार. लॅब

अप्पांना फोन केला. ते कारखान्यात कामाला, जेवणाची सुट्टी होती. म्हटलं, तुम्ही बैठकीत काही बोलला का नाहीत?

मागे मशिनचा आवाज. मग म्हणाले, "तू बोललीस की. तुझ्या बोलण्यानं झालं न्हाई ते माझ्यानं व्हनार व्हतं का?"

रागाने नाही. खरंच विचारत होते.

३ ऑगस्ट, रविवार. वाडीवर

वेल्ह्याहून मामा आला. आईचा धाकटा भाऊ. वर डोंगराला त्यांची गुरं-शेरडं असतात, बाजाराला खाली उतरला की इकडे येतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत बावचीचं बी घेऊन आला. वाटून लावायचं आणि उन्हात बसायचं, काळं होतं. त्यांच्याकडल्या एकाचं झालं म्हणे.

मी चिडले. बावची उन्हात कातडी जाळते. कुणाकुणाला गुण येतो, पण डॉक्टरांच्या नजरेखाली, मोजून. आधीच उजेडाचे उपचार चालू, वर हे लावलं तर भाजून निघेल. आणि चालू कोडात जखम झाली की त्या जागी नवा डाग येतो. जखम झालेली कातडी जास्त हाका मारते. हे सगळं मी मामाला मोठ्या आवाजात सांगितलं.

आई चुलीपाशी होती. मान वर न करता म्हणाली,

"जखम झाली की तितं येतंय?"

"हो."

"मंग तुमी फोड कशाला उठवलं?"

रागाचा सूर नव्हता. डावा हात पुढे केला. दोन गोल, आता गुलाबी नाहीत. स्वच्छ पांढरे. कंपासने आखल्यासारखे.

मामाच म्हणाला, "ऱ्हाऊ दे आक्का, तिला काय ठावं आसंल तवा."

मला ठाऊक होतं. कागदावर लिहिलेलं होतं.

बावचीची पिशवी मामा परत घेऊन गेला.

२४ ऑगस्ट, रविवार. वाडीवर

डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात. तांदळाच्या कणीएवढा. आईने अजून बघितला नसावा. आरसा न्हाणीत आहे आणि तिथे अंधार असतो.

अप्पांनी बघितलाय. मला खुणेने दाखवलं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

मॅडमनी गोळ्या सुरू केल्या. आठवड्यातून दोन दिवस घ्यायच्या, पसरणं थांबवायला. पेटी चालूच.

मी मॅडमना बाहेर गाठलं. थांबेल का? त्या म्हणाल्या, बहुतेकांचं थांबतं. रंग परत येणं वेगळं. चेहऱ्यावर येतो पटकन, हातावर हळू, बोटांवर जवळजवळ नाहीच. "तू याच विषयात आहेस, तुला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत."

जास्त माहीत आहे. टी-पेशी नेमक्या कशाने वळतात, कोणत्या दिशेला, कोणता निरोप कोणत्या पेशीसाठी. आवरणाऱ्या पेशीही असतात. रक्तात भरपूर असतात, पण कोडाच्या कातडीत पोचत नाहीत, कारण त्यांना बोलावणारा निरोप तिथे कमी पडतो. हे सगळं माहीत आहे. बोटांचं काय करायचं ते माहीत नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

लॅबमध्ये वाईट आठवडा. उंदरांना औषध दिलं होतं, निरोपाचा मार्ग अडवणारं. टी-पेशी कमी झाल्या, रंग परतला. सगळे खूश. औषध थांबवलं, आणि त्याच जागी, त्याच कडांनी, पुन्हा पांढरं. काही पेशी गेल्याच नव्हत्या. कातडीतच मुक्काम करून बसलेल्या. पुन्हा सुरुवात करायला त्यांना बाहेरून कुणी यायची गरज नसते.

सर म्हणाले, "उत्तम निकाल आहे, स्वच्छ." आहेच. आकृती सुंदर आली.

मी आईच्या गोळ्या कधी थांबणार ते मोजत होते.

२१ सप्टेंबर, रविवार. वाडीवर

आई डोक्यावरचा पदर आता पुढे ओढून घेते. दुसऱ्या डोळ्यालाही आलंय. ओठाच्या कडेलाही थोडं.

शाळेत जाते. तांदूळ निवडते. हजेरी लावते. रंजनाची डाळ परवा करपली, तर आईने पातेलं बदलून वाचवली. त्या दिवशी पोरांनी पोटभर खाल्लं. कुणाला सांगितलं नाही कुणी वाचवली.

मी म्हटलं, सोडून दे ना शाळा.

"आन् घरात बसून काय आरसा बघू?"

९ ऑक्टोबर, गुरुवार

गेले पंधरा दिवस नवा डाग नाही. मॅडमनी फोटो शेजारी ठेवून बघितले. पापणीखाली रंगाचे दोन ठिपके परत आलेत, मोहरीएवढे. मॅडम खूश. आईला आरसा दिला. तिने पुष्कळ वेळ बघितलं आणि आरसा परत दिला.

मग मॅडम म्हणाल्या, अभ्यासाचा दुसरा भाग आहे. उपचारानंतर नऊ-दहा किती कमी झालं ते बघायचं. म्हणजे पुन्हा फोड. डागाच्या कडेला आणि चांगल्या कातडीवर. अजिबात सक्ती नाही. नाही म्हटलं तरी उपचार तसेच चालू राहतील. फॉर्म घरी न्या, विचार करा.

आईने फॉर्म घडी घालून पिशवीत ठेवला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

पेटीनंतर आई लॅब बघायची म्हणाली. चार वर्षांत पहिल्यांदा. सरांनी परवानगी दिली. स्वतः खुर्ची आणून दिली.

मी उंदराच्या कानाची चित्रफीत लावली. काळ्या पडद्यावर हिरव्या पेशी चालताना. आई वाकून बघत राहिली.

"ह्या जित्या हायत?"

"हो."

"आन् कुठं चालल्या?"

"रंगाच्या पेशींकडे. मारायला."

"कोन बोलावतंय त्यास्नी?"

"कातडीच बोलावते, आई. आपलीच."

ती मागे टेकली. सरांना म्हणाली, "लई बारीक काम करताय तुमी." चहा घेतला. निघालो.

दिवाळीची गर्दी, तरी खिडकी मिळाली. मी तिच्याबरोबरच घरी निघाले होते. कात्रजचा बोगदा गेला. मग तिने विचारलं, रस्त्याकडे बघतच.

"पैल्या टायमाला फोडाचं पानी काढलं, ते तूच मोजलं व्हतं?"

"हो."

"मंग तवाच कळलं आसंल तुला."

खोटं बोलता आलं असतं. नमुन्यांवर नाव नसतं, असं सांगता आलं असतं, आणि ते खरंही होतं.

"हो," म्हटलं. "जूनमध्येच. चांगल्या कातडीतही वाढलेलं होतं. सांगून काही वेगळं झालं नसतं, म्हणून..."

शिवापूर गेलं. टोलनाक्याला गाडी रांगेत थांबली. एक बाई काकड्या विकायला खिडकीशी आली, आईने नको म्हणून हात हलवला आणि लगेच पदराखाली घेतला.

"म्या त्या दोन म्हैन्यांत रोज सकाळी उठून बघायची," म्हणाली. "तोंडाला न्हाई ना आलं, म्हनून. तुला ठावं व्हतं."

"नक्की ठाऊक नव्हतं, आई."

"व्हय. नक्की न्हवतं."

फाट्यावर उतरलो. अप्पा मोटरसायकल घेऊन उभे होते. ती मागे बसली, पिशवी मांडीवर. मी चालत येते म्हटलं.

१९ ऑक्टोबर, रविवार. वाडीवर

सकाळपासून करंज्या. आई लाटते, मी भरते, रंजना तळते. रंजनाने आपणहून येऊन तळायला घेतलं. त्या दोघी शाळेतल्या पोरांबद्दल बोलत होत्या, कोण जास्त खातं, कोण मिरच्या काढून ठेवतं.

रंजना गेल्यावर आईने फॉर्म काढला. पिठाचा हात पदराला पुसून उलगडला आणि माझ्यासमोर ठेवला.

"वाच."

"मी नाही वाचायचा, आई. मॅडमनी सांगितलंय. मी तुझी मुलगी आहे."

"म्हनूनच म्हनते, वाच."

वाचला. सगळा, एकेक ओळ. पांढरा डाग राहू शकतो, ती ओळही. तिच्या बाबतीत तो राहिलाच आहे, हेही सांगितलं. निकाल पेशंटला कळवला जाणार नाही, ही ओळ आली तेव्हा तिने थांबवलं.

"आन् तुला?"

"मलाही नाही. मी आता ते मोजत नाही. दुसरी मुलगी मोजते."

"म्हंजे कुठं येनार ते आता आपल्या दोघींना बी न्हाई कळनार."

"नाही."

तिने डाव्या हाताची बाही वर केली, ते दोन पांढरे गोल आणि त्यांच्या वरची, कोपरापर्यंतची सावळी कातडी, माझ्याकडे धरली.

"तू सांग. देऊ का?"

ती खरंच विचारत होती. माझ्या उत्तराची वाट बघत तिने हात तसाच धरून ठेवला होता. बाहेरून अप्पांनी हाक मारली, गाय सुटलीय म्हणून, आणि ती बाही खाली ओढत उठून गेली.

फॉर्म इथेच आहे, पोळपाटाशेजारी. सही नाही. एका कोपऱ्याला पीठ लागलंय.